वखर, सरतं, पोड : जामच्या शिवारातले शब्द

प्रश्न : अलास्कातल्या कोडियाक बेटावरच्या अलुतीक लोकांविषयी वाचनात आलं. तिथलं संग्रहालय रोजच्या वापरातला एकेक शब्द घेऊन त्यामागचं जुनं जगणं सांगतं म्हणे. आमचं जाम म्हणजे हमरस्त्यावरचा फाटा. इथल्या शब्दांमागे असं सांगण्यासारखं काही आहे का?
– एक वाचक, जाम (ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

उत्तर : भरपूर आहे. आधी कोडियाकविषयी थोडं सांगतो, कारण त्यातून आपल्याला घेण्यासारखं आहे. 1784 मध्ये रशियन व्यापाऱ्यांनी त्या बेटावर ठाणं केलं. 1867 मध्ये अलास्का अमेरिकेनं विकत घेतला. पुढे शाळांतून घरची भाषा बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत गेल्या आणि आज अलुतीक मायबोली म्हणून बोलणारे अगदी थोडे वृद्ध उरले आहेत. 1995 मध्ये तिथं अलुतीक संग्रहालय उघडलं. 1998 पासून त्यांनी दर आठवड्याला एक शब्द लोकांपुढे ठेवायला सुरुवात केली. शब्द, तो वापरलेलं एक साधं वाक्य आणि त्यामागचं काम, एवढाच मजकूर. 'कनाग्लुक' हा शब्द घ्या. सील किंवा अस्वलाची आतडी धुऊन, फुगवून, वाळवून, त्यांच्या पट्ट्या एकमेकींना शिवून केलेला पाणी न लागणारा अंगरखा, हा त्याचा अर्थ. तो अंगात असल्याशिवाय त्या गारठ्यात समुद्रात कयाक लोटणं म्हणजे मरण. एका शब्दात पुरुषांची शिकार आली, बायकांची शिवण आली, तिथलं हवामानही आलं.

आता जाम. नागपूरहून हैदराबादला जाणारा हमरस्ता, पूर्वीचा 7 क्रमांकाचा आणि आताचा 44 क्रमांकाचा, इथून पुढे हिंगणघाटकडे जातो आणि चंद्रपूरची वाट इथंच फुटते. येणाऱ्या-जाणाऱ्याला जाम ठाऊक असतं ते एवढंच. पण डांबर सोडून खाली उतरा. बंडी जाते ती पांदण. शेताला म्हणायचं वावर, बांधाला धुरा. सकाळी गावची गुरं गोळा होतात तो आखर आणि ती रानात नेणारा तो ढोरकी. घरोघरची जनावरं कमी झाली, ढोरकी ठेवणं गावाला परवडेना, आणि आखर हा शब्द आता पत्ता सांगण्यापुरता उरला.

या सगळ्या शब्दांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 'सरतं'. तिफन बहुतेकांना माहीत असते: तीन फणांचं पेरणीचं अवजार, वर लाकडी चाडं, चाड्यातून निघालेल्या बांबूच्या तीन नळ्या थेट फणांमागे उतरलेल्या. चाड्यावर मूठ धरायची आणि बोटांच्या फटीतून दाणे सोडत चालायचं. सरतं मात्र वेगळं. तोही बांबूचा पोकळ नळाच, पण एकटा, तिफनीच्या मागे दोरीनं बांधलेला. त्याला वर छोटं चाडं असतं. मागून चालणारी बाई एका हातानं सरतं धरून त्याचं टोक बरोबर काकरीत, म्हणजे फणानं पाडलेल्या रेघेत, ठेवते आणि दुसऱ्या हातानं ओटीतलं बी चिमटीनं सोडत जाते. तिफनीतून ज्वारी पडत असेल तर सरत्यातून तूर. एकाच फेरीत वावरात दोन पिकांचे तास, म्हणजे ओळी, उभे राहतात.

हे जितकं सोपं वाटतं तितकं नाही. बैलांची चाल बदलली की हाताची गती बदलावी लागते. बी दाट पडलं तर पुढे विरळणीचा खर्च. पातळ पडलं तर नांग्या भरत बसायचं. पावसाळी ढेकळांतून चालताना पाय वाकडा पडला तरी सरत्याचं टोक काकरीबाहेर जाता कामा नये. म्हणून गावात सरत्यावर जाणाऱ्या बाया ठरलेल्या असत आणि मिरुग लागायच्या आधीच त्यांना सांगून ठेवावं लागे. वावरात उगवलेला प्रत्येक तास त्या बाईच्या हाताची साक्ष असे. आपल्याकडे शेतकरी म्हटलं की डोळ्यांसमोर नांगर धरलेला पुरुष उभा राहतो. सरतं हा शब्द जपला तर निदान पेरणारीही दिसेल.

प्रश्न : आमचे आजोबा सांगतात, पूर्वी सरकी पेरण्याआधी शेणात कालवून खाटेवर घासत. हे खरं आहे का, आणि कशासाठी?
– एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : अगदी खरं आहे. रेच्यातून कापूस काढून घेतल्यावरही सरकीला बारीक तंतू चिकटलेले राहतात. असं बी मुठीत घेतलं तर गठ्ठा होतो, सरत्याच्या नळ्यात अडकतं. म्हणून ते शेण-मातीच्या पातळ काल्यात भिजवायचं आणि सुंभानं विणलेल्या खाटेवर पसरून हातानं चोळायचं. विणीवर घासून तंतू बसतात, दाणे सुटे होतात, मग थोडं सुकवून ओटीत घ्यायचं. बी पेरणीला कसं तयार होतं हे घरातल्या पोरासोरांना दरवर्षी अंगणात बघायला मिळे.

ते बी घरचं असे. हिंगणघाटचा देशी कापूस 'बणी' या नावानं ओळखला जाई. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोचेना, तेव्हा व्यापाऱ्यांची नजर वर्धेच्या खोऱ्याकडे वळली आणि हिंगणघाटचं नाव लँकेशायरपर्यंत गेलं. लांब धाग्याची, काळ्या मातीला आणि कमी-जास्त पावसाला सरावलेली ही जात होती. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्यानंतर काही वर्षांतच सरकी घरची राहिली नाही, दुकानातून पाकिटात येऊ लागली. पाकिटातलं बी तंतू काढून, रंग चढवून आलेलं असतं, त्यामुळे शेणकाला संपला, खाट संपली. बी महाग म्हणून ते ओटीतून सोडायचं नाही, एकेक मोजून लावायचं. म्हणून सरतं मागे पडलं आणि टोबणी आली. टोबण्याआधी वावरात उभ्या-आडव्या काकरी मारून फुली पाडायची आणि फुलीवर टोबायचं, म्हणजे पुढे डवरा दोन्ही अंगांनी चालतो. डवरणीनं तणही जातं आणि ताशी माती लागते. तणनाशकाचा पंप पाठीवर आल्यापासून डवऱ्याचे दिवसही भरत आले आहेत.

कापसाचे शब्द इतके आहेत की एक वेगळं सदर भरेल. झाड म्हणजे पऱ्हाटी. कळी म्हणजे पाती, मग फूल, मग बोंड. किडीनं वा पावसानं खराब झालेला कापूस म्हणजे कवडी. कापूस निघतो तो वेच्यानं: पहिला वेचा, दुसरा वेचा. पहिला वेचा सुरू करण्याआधी वावरात सीतादहीची पूजा करतात. एका चांगल्या पऱ्हाटीजवळ जागा सारवून दगड मांडतात, त्यांना हळदीकुंकू वाहतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि वावरात तो शिंपडतात. त्यानंतरच बाया ओटी बांधतात. ही पूजा आजही अनेक घरांत होते, शहरात शिकायला गेलेली मुलं फोटो काढायला म्हणून का होईना पण येतात, आणि मला त्याचा आनंद वाटतो.

एका शब्दाकडे मात्र विशेष लक्ष द्या : फरदड. मुख्य वेचे संपल्यावर पऱ्हाटी उपटायची नाही, एखादं पाणी द्यायचं आणि पुन्हा फुटलेल्या पात्यांचा उशिरा मिळणारा कापूस घ्यायचा, ही फरदड. गरीब शेतकऱ्याला उन्हाळ्याच्या तोंडावर मिळणारे ते चार पैसे होते. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भात हाहाकार केला. शेतात उभी राहिलेली पऱ्हाटी म्हणजे अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. आता कृषी विभाग दरवर्षी बजावतो, फरदड घेऊ नका. ज्या शब्दात आशा होती त्यात आता इशारा आहे. कोशात असा बदल सहसा टिपला जात नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

कापसाची दुसरी शब्दावळ वर्ध्यात रुळली, वावराबाहेर, सूतकताईत. रेचा, पिंजण, पेळू, चाती, तकली, गुंडी हे शब्द 1930 नंतर या जिल्ह्यात शाळकरी पोरांच्या तोंडी होते. पिंजलेल्या कापसाची बोटभर जाडीची सैल वळकटी म्हणजे पेळू. चरख्याची लोखंडी सळई, जिच्यावर सूत गुंडाळतं ती चाती. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात ही साधनं आजही पाहायला मिळतात. 1938 मध्ये गांधीजींच्या हस्ते ते उघडलं. मुलांना घेऊन जा आणि हातात पेळू धरायला मिळाला तर धरू द्या.

प्रश्न : आमची बोली वऱ्हाडी, नागपुरी की झाडी? शाळेत मुलं 'मले', 'तुले' म्हणाली की दुरुस्त करावं का?
– एक शिक्षिका, समुद्रपूर

उत्तर : भूगोलानं पाहिलं तर वऱ्हाड वर्धा नदीच्या पश्चिमेला. अमरावती, यवतमाळ हा जुना वऱ्हाड प्रांत. नदीच्या पूर्वेचा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा, पुढे इंग्रजांच्या मध्य प्रांताचा. वर्धा जिल्हा 1862 मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढला. म्हणून ग्रियर्सननं आपल्या भाषिक सर्वेक्षणाच्या मराठीच्या खंडात, 1905 मध्ये, वऱ्हाडी आणि नागपुरी अशी दोन नावं ठेवली. झाडी बोली त्याहून पूर्वेची, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडची. पण नदी बोली अडवत नाही. 'मले-तुले', 'जाऊन राह्यलो', 'करजो', पोळ्याचा 'पोया' आणि काळ्याचा 'काया' हे नदीच्या दोन्ही काठांवर ऐकू येतं. तुमच्या गावचे लोक आपल्या बोलीला वऱ्हाडी म्हणत असतील तर तेच नाव योग्य.

दुरुस्त करू नका. लिहिताना प्रमाण मराठी शिकवा आणि बोलताना घरची बोली चालू द्या. मूल दोन्ही सहज पेलतं. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात, जो 1932 पासून प्रसिद्ध होत गेला, शब्दांपुढे कंसात 'व.' आणि 'ना.' अशा खुणा आहेत. वऱ्हाडी आणि नागपुरी म्हणून. नव्वद वर्षांपूर्वी पुण्यातल्या संपादकांनी ज्या शब्दांना मानानं मराठीत घेतलं, ते आज आपल्याच शाळेत चुकीचे ठरावेत, हे मला मान्य नाही. तो कोश शाळेत असेल तर मुलांना या खुणा शोधायला लावा. आपल्या आजीचा शब्द छापलेला सापडला की त्यांचे चेहरे पाहा.

प्रश्न : मी कोलाम समाजाचा विद्यार्थी आहे. आजी-आजोबा कोलामी बोलतात, आई-वडील समजतात पण आमच्याशी मराठीतच बोलतात. आमच्या भाषेची कुठं नोंद झाली आहे का? ती मराठीची बोली आहे असं एकानं सांगितलं.
– एक विद्यार्थी, समुद्रपूर तालुका

उत्तर : तुमचा प्रश्न अलुतीकच्या सगळ्यांत जवळचा आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

पहिली गोष्ट: कोलामी ही मराठीची बोली नव्हे. ती द्राविड कुळातली स्वतंत्र भाषा आहे. तेलुगू, गोंडी, कन्नड, तमिळ या तिच्या नात्यातल्या. पाण्याला कोलामीत 'ईर' म्हणतात. तेलुगूत आणि कन्नडमध्ये तेच 'नीरु', तमिळमध्ये 'नीर'. घर म्हणजे 'एल्ला', तेलुगूतलं 'इल्लु'. गावाला 'ऊर', वाघाला 'पुल', विस्तवाला 'किस'. तुमच्या आजीच्या तोंडातला 'ऊर' आणि दूर दक्षिणेतल्या गावांच्या नावांच्या शेवटी येणारा 'ऊर' एकच आहे. इतकी जुनी आणि इतक्या लांबवर पसरलेली ही नाती आहेत.

दुसरी गोष्ट: नोंद झाली आहे, आणि ती तुमच्याच जिल्ह्यात. मरे एमेनो हे कॅनडात जन्मलेले, अमेरिकेत शिकवणारे भाषाशास्त्रज्ञ 1935 ते 1938 या काळात भारतात होते. निलगिरीतल्या तोडा आणि कोटा भाषांवर काम करताना त्यांनी वर्धा जिल्ह्यात कोलामीही टिपून घेतली. त्या टिपणांवरून 1955 मध्ये त्यांचं कोलामीवरचं पुस्तक कॅलिफोर्नियात छापून निघालं, आणि जगभरच्या अभ्यासकांना कोलामी कळली ती या वर्धेकडच्या बोलीतून. पुढे टी. बरो यांच्यासह त्यांनी द्राविड भाषांचा व्युत्पत्तिकोश केला; त्याची पहिली आवृत्ती 1961 ची. त्यात कोलामी शब्द तमिळ-तेलुगूच्या रांगेत बसलेले आहेत. एमेनो भारतात होते त्याच सुमारास, ऑक्टोबर 1937 मध्ये, वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली होती आणि मुलांना मातृभाषेतून, हाताच्या कामातून शिकवावं असं ठरत होतं. कोलामांच्या मुलांपर्यंत ते मातृभाषेतलं शिक्षण पोचलं नाही, ही खंत मी दडवून ठेवणार नाही.

कोलामीची एक गंमत तुम्हाला नक्की आवडेल. एक म्हणजे 'ओक्कोद', दोन 'इंदिंग', तीन 'मूंदिंग', चार 'नालिंग'. पुढचे आकडे शेजारच्या भाषांतून आलेले. पण दोन पुरुष असतील तर 'इद्दर', दोन बायका असतील तर 'ईरल', आणि दोन वस्तू असतील तेव्हाच 'इंदिंग'. आता मराठीकडे पाहा : दोघे, दोघी, दोन. हिंदीत हा भेद नाही. वर्धेच्या खोऱ्यात शतकानुशतकं शेजारी राहिलेल्या दोन भाषा माणसं मोजताना एकसारखा विचार करतात. कोणी कोणाकडून घेतलं यावर विद्वान बोलत राहोत; कोलामी आणि मराठी एकमेकींना किती जवळून ओळखतात हे मात्र यातून दिसतं.

जगणंही शब्दांत आहे. कोलाम स्वतःला कोलावर म्हणवतात. त्यांची वस्ती ती पोड, मूळ गावापासून थोडी अलग, मधोमध चावडी. चावडीत पाहुणा उतरतो, तंटा मिटतो, देवाचं कार्य ठरतं. नाईक, महाजन, घट्या हे पोडाचे मानकरी, प्रत्येकाचं काम ठरलेलं. डोंगरउतारावर फिरती शेती, रानातला मेवा, बांबूच्या टोपल्या आणि तट्टे हे जुनं जीवन. जंगलाचे कायदे आले, फिरती शेती बंद झाली, आणि बहुतेक कोलाम कुटुंबं मजुरीवर आली. महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींत कोलाम एक आहेत. कातकरी आणि माडिया गोंड या बाकीच्या दोन. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड आणि वर्धा इथं ते आहेत, पलीकडे तेलंगणात आदिलाबादकडेही. 2011 च्या जनगणनेत कोलामी ही आपली मातृभाषा असल्याचं सुमारे 1 लाख 28 हजार लोकांनी सांगितलं. अलुतीकच्या तुलनेत ही मोठी संख्या आहे, पण तुमच्या घरात चाललंय तेच कोडियाकवर आधी झालं: आजी बोलते, आई समजते, नातवंडाला दोन-चार शब्द येतात. तीन पिढ्यांत भाषा जाते.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं एकच. आजीकडे बसा आणि बांबूचं काम विचारा. बांबू कधी तोडायचा, कोणता निवडायचा, सालपट काढायची सुरी, विणीचे प्रकार, टोपल्यांच्या आकारांची नावं. हे सगळं कोलामीत विचारा, कोलामीत लिहा, देवनागरीत. एमेनोंनी जे केलं ते परक्यानं लिहिलेलं, परक्या देशात छापलेलं. कोडियाकचं संग्रहालय अलुतीक लोक स्वतः चालवतात, तसं तुमच्या भाषेचं काम तुमच्याच हातून व्हायला हवं.

प्रश्न : बंडी, रेंगी, दमणी, छकडा यांत फरक काय? आणि 'धाव' म्हणजे काय?
– एक शाळकरी वाचक, जाम

उत्तर : बंडी ओझ्याची. शेणखत, कापूस, कडबा, सगळं तिच्यात. दोन्ही अंगांना उभाऱ्या ठोकून बांबूचे तट्टे लावले की कापूस रचता येतो. रेंगी, छकडा आणि दमणी हलक्या, माणसं बसून जाण्यासाठी. लग्नाला, जत्रेला, गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदच्या दर्ग्याला जायला.

धाव म्हणजे चाकाला बाहेरून बसवलेली लोखंडी पट्टी. चाकाच्या मधला गोल तो तुंबा, त्यातून निघणारे आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेले लाकडी तुकडे ते पुठ्ठे. लोहार धाव चाकापेक्षा किंचित लहान करतो. मग गोवऱ्यांचा जाळ करून ती लाल होईपर्यंत तापवायची. लोखंड तापून पसरतं. दोघा-तिघांनी सांडशीनं उचलून ती चाकावर बसवायची, घणानं ठोकायची आणि लगेच पाणी ओतायचं. धाव आवळते, आरे तुंब्यात घट्ट बसतात, सगळं चाक करकरतं. विज्ञानाच्या पुस्तकातला उष्णतेनं प्रसरण पावण्याचा धडा लोहाराच्या भात्यापुढे असा शिकायला मिळे. तुमच्या गावात कोणी धाव बसवणारा अजून असेल तर सरांना सांगून वर्गाला तिकडे न्यायला लावा.

प्रश्न : घरात एक जुनं लाकडी माप आहे. आई 'पायली' म्हणते, बाबा 'कुडो' म्हणतात. नेमकं काय?
– एक वाचक, हिंगणघाट तालुका

उत्तर : दोन्ही मापंच, पण वेगळी. आपल्याकडचा हिशेब असा: 8 पायल्यांचा कुडो आणि 20 कुडोंची खंडी. घरात ठेवता येईल असं हातातलं भांडं असेल तर आईचं म्हणणं बरोबर, ती पायली. ही मापं धान्याच्या आकारमानाची होती, वजनाची नव्हेत. 1956 च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली आणि हळूहळू किलो-क्विंटल रुळले. सालदाराला पाडव्याला साल ठरवताना पैशाबरोबर किती कुडो ज्वारी द्यायची हे ठरे, म्हणून त्या शब्दाला मजुराच्या घरात फार वजन होतं. माप टाकून देऊ नका. त्याच्या कडेवर कोरलेली खूण किंवा शिक्का असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा.

प्रश्न : आम्ही काही मित्र जाम परिसरातले असे शब्द गोळा करायचं म्हणतो. सुरुवात कशी करावी?
– एक वाचक, जाम

उत्तर : नुसती शब्दांची यादी करू नका, तिचा पुढे कोणालाच उपयोग होत नाही. एक अवजार घ्या आणि ते पुरतं संपवा. वखरापासून सुरू करा, कारण काळ्या मातीतलं ते मुख्य अवजार आणि अजून बऱ्याच घरी सापडतं. लाकडी खोड, खाली जमिनीत दोन बोटं शिरून तण कापणारी लोखंडी पास, हातात धरायचं रुमणं, बैलांच्या मानेवरचं जू. चित्र काढा, प्रत्येक भागाला बाण करून तुमच्या गावचा शब्द लिहा. शेजारच्या गावात वेगळा शब्द असेल तर तोही लिहा, गावाच्या नावासह. खरा-खोटा ठरवायच्या भानगडीत पडू नका. मग विचारा: हा भाग कोण घडवतो, कशाच्या लाकडाचा, कधी बदलतो, मोडला तर काय म्हणतात. बोलणाऱ्याचं वय आणि काम लिहा. त्याच्या तोंडचं एक वाक्य जसंच्या तसं, त्याच्याच उच्चारात लिहा. मोबाइलवर आवाज टिपा, आधी विचारून.

बायांना आधी विचारा. पेरणी, निंदण, वेचणी, पाखडणं, कणगीत भरणं ही कामं त्यांची, आणि सर्वांत जास्त शब्द त्यांच्याकडेच आहेत. पुरुषमंडळी पारावर मध्येच उत्तरं देतात, म्हणून बायांकडे वेगळं बसा. पोडावर जाल तेव्हा कोलामी बोलणाऱ्या मुलामुलींना बरोबर घ्या आणि जे लिहाल त्याची एक प्रत पोडावरच्या चावडीत ठेवा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, गोठ्यात जाऊन बसा. हळद आणि लोणी चोळून बैलांचे खांदे शेकताना म्हातारी माणसं मोकळेपणानं बोलतात. झूल, मठाटी, वेसण, मोरकी, घुंगरमाळ असे शब्द त्या एका संध्याकाळी हाताशी येतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला पोरांच्या लाकडी बैलांवर तेच शब्द पुन्हा ऐकू येतील. सिंदी रेल्वेला गेलात तर मोठे कोरीव बैलही पाहायला मिळतील.

आणि वाचकांना माझी विनंती. घराच्या माळ्यावर, गोठ्याच्या आढ्याला किंवा धुऱ्यावर पडलेलं सरतं, चाडं, तिफन, डवरा असेल तर चुलीत घालण्याआधी त्याचं एक चित्र काढा, घरातल्या सर्वांत थोर माणसाला त्याच्या भागांची नावं विचारा आणि गावाच्या नावासह आम्हाला लिहून पाठवा. पाठवलेला प्रत्येक शब्द पाठवणाऱ्याच्या गावाच्या नावानं या सदरात छापला जाईल.